कुंदास पत्र: न्यू इचोटाच्या सह्या

अल्फारेटा, जॉर्जिया

प्रिय कुंदा,

बी.पी. आटोक्यात, गुडघा आहे तसाच, थंडी अजून सुरू व्हायचीय. झाली माझी खुशाली. आता मला तुझ्याशी भांडायचंय. फोनवर ते जमत नाही, कारण मुद्दा अंगाशी आला की तुझा कुकर बरोबर तेव्हाच शिट्टी देतो.

लेकीच्या नव्या घराचे कागद परवा जेवणाच्या टेबलावर पडले होते. अण्णांच्या शेजारी चावडीत बसून सातबारे वाचायला शिकलेली मी, जमिनीचा कागद दिसला की हात जातोच. आधी बँक, मग विमा, आणि मग मिळकतीचं वर्णन. तिथे घर नंबर नाही, रस्त्याचं नाव नाही. लँड लॉट अमुक, डिस्ट्रिक्ट अमुक, सेक्शन अमुक, आणि त्यानंतर खुंटापासून खुंटापर्यंत किती फूट ते. जावयांना विचारलं, हे लॉट कुठले? म्हणाले, "आई, जुनं सर्व्हेचं असतं ते. इथे सगळ्यांच्याच कागदावर असतं." लेक म्हणाली, "आई, सुट्टीवर आहेस ना?" तेव्हापासून कुणाशी बोलू हा प्रश्न आहे, आणि तुझ्याशिवाय नाव सुचत नाही.

तो नंबर लॉटरीचा आहे गं. १८३२ सालच्या. इथून थोडं दक्षिणेला चॅटाहूची नदी आहे. तिच्या उत्तरेचा हा सगळा मुलूख तेव्हा चेरोकी इंडियनांचा होता, आणि ते तिथे राहत होते, नांगरत होते. त्यांच्या शेतांतून जॉर्जियाचे मोजणीवाले साखळ्या ओढत फिरले. शेतीच्या जमिनीचे १६० एकरांचे लॉट पाडले आणि जिथे सोनं असेल असं वाटलं तिथे ४० एकरांचे, कारण चारच वर्षांपूर्वी डाहलोनेगाच्या बाजूला सोनं सापडलं होतं. मग मिलेजविलला, तेव्हा ती राजधानी होती, दोन पिंपं ठेवली. एकात माणसांच्या नावाच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात लॉटच्या. एक इथून काढायची, एक तिथून. नावं गोऱ्या शेतकऱ्यांची, मजुरांची, विधवांची, पोरक्या मुलांची. राहत्या चेरोकी घरांना लगेच हात लावायचा नाही अशी तरतूद होती, पण ती किती पाळली ते पुढे सांगते.

या विधवांपाशी मी अडकले आहे. जमीन मोठमोठ्या सरदारांनी लुबाडली असती तर धडा शिकवायला सोपा होता. इथे सरकारने हजारो गरिबांना त्यात भागीदार करून घेतलं. ज्या बाईच्या घरात उद्याची चूल पेटायची पंचाईत, तिच्या नावाने चिठ्ठी निघाली. ती ही जमीन परत द्या म्हणणाऱ्याला कधी मत देईल का? आणि मतं होती, म्हणून तर अँड्र्यू जॅक्सन अध्यक्ष होता.

तुला त्याचा राग येईल म्हणून आधीच एक सांगून टाकते. "जॉन मार्शलने निकाल दिलाय, आता त्यानेच अंमल करावा" हे चेरोक्यांच्या बाजूने निकाल देणाऱ्या सरन्यायाधीशांवरचं जॅक्सनचं वाक्य तू नववीला दरवर्षी ऐकवायचीस, हात कमरेवर ठेवून. ते तो बहुधा बोललाच नाही. त्याच्या मरणानंतर कितीतरी वर्षांनी छापून आलं. पण त्याने आपल्या मित्राला, जॉन कॉफीला, पत्रात लिहिलं ते खरं आहे: सुप्रीम कोर्टाचा निकाल मेलेलाच जन्मला. हे मला जास्त भयंकर वाटतं. पहिल्यात निदान तोरा आहे.

आता मूळ गोष्ट. मनूच्या शाळेत आठवीला जॉर्जियाचा इतिहास असतो. बाईंनी वर्गात वाद ठेवलाय: चेरोक्यांनी जमीन देऊन पश्चिमेला जायचा तह करावा की करू नये. एक गट 'नको' म्हणणाऱ्या मुख्य प्रमुख जॉन रॉसचा, एक सही करणाऱ्या मेजर रिजचा. मनूला रिज आलाय. आणि तिने मला विचारलं, "आजी, यू वर अ हिस्ट्री टीचर, राइट? माझी बाजू सांग."

मला सांगता येईना. मला रिजची बाजू पटत नाही. कधीच पटली नसती. आणि तुला, बाजीरावाच्या वकिलीणबाई, ती तोंडपाठ असेल.

आठवतंय ना? वसईचा तह. पाटीलबाईंचा वाढदिवस होता, समोसे आले होते आणि तू समोसा हातात तसाच धरून मला सुनावलंस की होळकर पुण्यात येऊन बसल्यावर बाजीराव इंग्रजांकडे गेला नसता तर काय पर्वतीवर बसून भजन करणार होता? मी म्हटलं, स्वतःची गादी वाचवायला दुसऱ्याचं राज्य लिहून देता येत नाही. भूगोलवाले सर उठून मैदानात गेले. त्यानंतर मार्च उजाडेपर्यंत तू माझ्याशी फक्त वेळापत्रकापुरतं बोललीस.

तर ऐक. आपला वसईचा तह १८०२ च्या डिसेंबरातला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जॉर्जियाने आपला पश्चिमेचा मुलूख अमेरिकेच्या केंद्र सरकारला दिला आणि बदल्यात वचन घेतलं: आमच्या हद्दीतल्या इंडियनांचा जमिनीवरचा हक्क तुम्ही संपवायचा, जमेल तसा शांततेने. अध्यक्ष जेफरसन. ज्यांच्या जमिनीचं वचन दिलं ते त्या खोलीत नव्हते. पुढचं सगळं त्या वचनाची वसुली आहे असं मला वाटू लागलंय. जॅक्सनने त्याला फक्त दात लावले.

आणि जॅक्सनवर या लोकांचे उपकार होते, हे तुला माहीत आहे का? १८१४ च्या मार्चमध्ये हॉर्सशू बेंडला क्रीक लोकांशी त्याची लढाई झाली. समोरून तोफा चालेनात. तेव्हा मागच्या बाजूने चेरोकी टॅलापूसा नदी पोहून गेले, क्रीकांच्या होड्या पळवून आणल्या आणि त्यांत बसून पाठीवर पडले. तिथे लढाई फिरली. त्या चेरोक्यांत रिज होता, "मेजर" हा हुद्दा त्याला त्याच युद्धात मिळाला आणि पुढे नावच झालं. आणि जॉन रॉसही होता. तिघं एका बाजूने लढलेले, कुंदा. सोळा वर्षांनी जॅक्सन अध्यक्ष म्हणून इंडियनांना मिसिसिपीपलीकडे घालवण्याचा कायदा आणतो. प्रतिनिधीगृहात १०२ विरुद्ध ९७. पाचच मतांचा फरक. न्यू जर्सीचा फ्रीलिंगहायझन सिनेटमध्ये तीन दिवसांत मिळून सहा तास विरोधात बोलला. जॅक्सनच्याच टेनेसीचा डेव्ही क्रॉकेट विरोधात गेला. म्हणजे त्या काळच्या लोकांना कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मनूला घेऊन मी न्यू इचोटाला जाऊन आले. गाडीने तासाभराहून थोडं जास्त, कॅलहून गावाजवळ. १८२५ पासून ही चेरोक्यांची राजधानी. त्यांनी १८२७ मध्ये स्वतःची लेखी राज्यघटना केली, वरचं गृह, खालचं गृह, सुप्रीम कोर्ट. आज तिथे गवत आहे, झाडं आहेत आणि थोडी पुन्हा बांधलेली घरं. जागेवर टिकलेलं मूळ घर एकच, मिशनरी सॅम्युएल वुस्टरचं. छापखाना पुन्हा उभारलाय. सेक्वोयाने एकट्याने बसून चेरोकी भाषेची लिपी तयार केली, ८५ चिन्हं, प्रत्येक उच्चाराला एक. तिचे खिळे बॉस्टनहून पाडून आणले आणि फेब्रुवारी १८२८ मध्ये 'चेरोकी फिनिक्स' निघालं, एका अंगाला चेरोकी, एका अंगाला इंग्रजी. संपादक एलायस बुडिनॉट, वय पंचविशीचं. मनू खिळ्यांच्या खणापुढे उभी राहिली आणि तिने आपलं नाव कसं लिहायचं ते विचारून घेतलं. मी मात्र बुडिनॉटच्या घराची जागा शोधत होते. घर नाही आता, जागा तेवढी आहे.

त्याच घरात सह्या झाल्या, २९ डिसेंबर १८३५ ला. पूर्वेकडची सगळी भूमी द्यायची, पश्चिमेला जमीन घ्यायची आणि ५० लाख डॉलर. बोलावणं सगळ्या राष्ट्राला होतं, जमले काही शेकडा. सोळा हजारांवर लोकांतून. सही केली ती विसेकांच्या समितीने. राष्ट्राच्या मुख्य प्रमुखाची, रॉसची सही नाही. कौन्सिलची मंजुरी नाही. आणि मेजर रिजने आपलं चिन्ह उमटवलं. हा तोच रिज, ज्याने तरुणपणी जमिनी परभारे विकणाऱ्या डबलहेड नावाच्या सरदाराला मारण्यात भाग घेतला होता. परवानगीशिवाय जमीन विकणाऱ्याला मरण, हा कायदा १८२९ ला लेखी झाला तो रिजच्याच पुढाकाराने. चिन्ह उमटवल्यावर तो म्हणाला म्हणे, मी माझ्या मरणावर सही केली. मग केलीस कशाला बाबा? मला तिथेच ओरडावंसं वाटलं.

इथे तुझा आवाज येतो. "सही न करणाऱ्यांना रात्री झोप लागते गं सुधा. सही करणाऱ्याला सकाळी उठून तोंड दाखवावं लागतं." हे तू म्हणाली होतीस, मी विसरले नाही.

बरं, तुझी बाजू मला जेवढी दिसते तेवढी मांडून बघते. जॉर्जियाने कायदा केला की चेरोक्याची साक्ष गोऱ्याच्या विरुद्ध कोर्टात चालणार नाही. म्हणजे तुझी गाय नेली तरी तू बोलायचं नाहीस. वुस्टरने राज्याच्या निष्ठेची शपथ घेतली नाही म्हणून त्याला चार वर्षं सक्तमजुरी ठोठावली. मार्च १८३२ मध्ये मार्शलने निकाल दिला की चेरोकी भूमीवर जॉर्जियाचा कायदा चालत नाही. न्यू इचोटात आनंदीआनंद झाला असणार. मग रिजचा मुलगा जॉन वॉशिंग्टनला जाऊन जॅक्सनला तोंडावर विचारतो, निकालाची अंमलबजावणी कराल का? उत्तर: नाही, घरी जा आणि लोकांना निघायला सांग. त्याच वर्षाअखेर साउथ कॅरोलिनाने केंद्राचा जकातीचा कायदा धुडकावला तर हाच जॅक्सन सैन्याच्या गोष्टी करू लागला. एका राज्याने केंद्राचं ऐकलं नाही तर ते बंड, दुसऱ्याने सुप्रीम कोर्टाचं ऐकलं नाही तर तिकडे काणाडोळा. जानेवारीत वुस्टर सुटला तो निकालामुळे नाही, तडजोडीने. चेरोक्यांचे वॉशिंग्टनमधले हितचिंतकसुद्धा तेव्हा सांगू लागले, आता तह करा.

जॉन रिज तिशीही न गाठलेला. जिंकलेला खटला कचऱ्यात जाताना त्याने डोळ्यांनी पाहिला. तो फुटला तर मी त्याला काय बोलू? बुडिनॉटने हे सगळं फिनिक्समध्ये छापून चर्चा व्हावी असं म्हटलं. रॉसने नकार दिला. ऑगस्ट १८३२ ला बुडिनॉटने संपादकपद सोडलं. निवडणुकाही पुढे ढकलल्या गेल्या. इथे मला रॉसचा राग येतो. बहुमत आपल्याच बाजूला असताना दुसऱ्याचं तोंड बंद करायची गरज काय होती? राष्ट्राच्या पेपरात वाद झाला असता तर कदाचित कुणाच्या घरात बसून सह्या झाल्या नसत्या. हे वाक्य मनूला देण्यासारखं आहे. बघ, मी तुझं काम करतेय.

पण रॉसचंही ऐक. १८३५ च्या वसंतात तो वॉशिंग्टनहून रात्री घरी पोचला तर घरात दुसरेच लोक. त्याच्या घराची चिठ्ठी निघाली होती. बायकापोरांना बाहेर काढलेलं. (तरतूद पाळली ती अशी.) तो टेनेसीच्या हद्दीत रेड क्लेजवळ लाकडी खोपटात जाऊन राहिला, आणि नोव्हेंबरात जॉर्जियाच्या शिपायांनी हद्द ओलांडून त्याला तिथेही धरलं. तह झाल्यावर त्याने हजारो सह्यांचा अर्ज सिनेटकडे नेला. हजारो सह्या एका बाजूला, वीस दुसऱ्या बाजूला. सिनेटने तह मंजूर केला, ३१ विरुद्ध १५. दोन तृतीयांश लागतात. एक मत तिकडे फिरलं असतं तर तह पडला असता.

मग १८३८. जनरल स्कॉट, सात हजार शिपाई. मे संपता संपता माणसांना जेवणावरून, शेतातून उठवून कुंपणाच्या छावण्यांत कोंबलं. उन्हाळ्यात छावण्यांत आजार, हिवाळ्यात वाटेवर थंडी. मिसिसिपीत बर्फ आडवं आलं तेव्हा मागचे जथे इलिनॉयच्या टोकाला अडकून पडले. एकूण चारेक हजार माणसं गेली असं मानतात. रॉसची बायको क्वाटी लिटल रॉकजवळ गेली. आणि एक गोष्ट मनूच्या पुस्तकात एका ओळीत आहे, मला ती ओळीत मावत नाही: त्या जथ्यांबरोबर काळे गुलामही चालत होते. चेरोक्यांचे गुलाम. १८३५ च्या शिरगणतीत सोळाशेच्या आसपास. रॉसकडे होते, रिजकडे होते. त्यांना कुणी विचारलं नाही, तह करावा की करू नये. मनूच्या वर्गात त्यांचा गट नाही. मी तिला म्हटलं, बाईंना विचार. तिने विचारलंय, उत्तर अजून यायचंय.

२२ जून १८३९. पश्चिमेला पोचून काही महिनेच झालेले. पहाटे जॉन रिजला घरातून ओढून बायकोमुलांसमोर भोसकलं. मेजर रिजला रस्त्यावर दबा धरून गोळ्या घातल्या. बुडिनॉटकडे माणसं आली, म्हणाली औषध पाहिजे. हा औषध द्यायला त्यांच्याबरोबर चालू लागला आणि वाटेत त्यांनी चाकू-कुऱ्हाडीने मारलं. औषध मागणाऱ्याला तो नाही म्हणणार नाही हे मारेकऱ्यांना माहीत होतं. त्याची बायको हॅरिएट कनेक्टिकटची गोरी मुलगी. तिने चेरोक्याशी लग्न ठरवलं तेव्हा गावाने तिची प्रतिमा जाळली होती. ती १८३६ मध्येच वारली, न्यू इचोटाच्या दफनभूमीत आहे. मी तिथे बराच वेळ होते. मनू म्हणाली, "आजी, रिज लोक वाईट होते की चांगले, एवढंच सांग ना."

मी काय सांगितलं ते ऐक आणि मग भांड. मी म्हटलं, ते भ्याड नव्हते आणि पैशासाठीही विकले गेले नसावेत. पण दुसऱ्याच्या घराचा कागद, तो माणूस जिवंत असताना, नको म्हणत असताना, त्याच्या वतीने लिहून देता येत नाही. तू कितीही शहाणा अस. तुला पुढचं दिसत असेल तर ते ओरडून सांग, गावोगाव सांग, पेपर बंद केला तर दुसरा काढ. सही करू नकोस. मी हे बाजीरावाबद्दल म्हणत होते, रिजबद्दलही म्हणते.

आणि आता ज्यामुळे हे पत्र लांबलंय ते. त्या तहाच्या सातव्या कलमात लिहिलंय की चेरोक्यांना अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात आपला एक प्रतिनिधी पाठवता येईल, काँग्रेसने तशी तरतूद केली की. २०१९ मध्ये चेरोकी नेशनने किम टीही या बाईंचं नाव पुढे केलं. अजून बसवलेलं नाही. कुंदा, ज्या तहाला रॉस मरेपर्यंत फसवणूक म्हणत राहिला, त्याच तहावर बोट ठेवून आज त्याचं राष्ट्र म्हणतंय, आमची खुर्ची द्या! पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, कुंदा जिंकली. रिजच्या सहीतून निदान एवढं तरी निघालं. दोन दिवस मी तुझ्याच बाजूने विचार करत होते, पटत नाही ना?

पण नाही. खोट्या सहीवर ज्याने जमीन घेतली आणि लॉट पाडून वाटली, त्याला दिलेल्या वचनातून सुटका नाही. सही खोटी होती असं म्हणायचा हक्क ज्याचं गेलं त्याचा. घेणाऱ्याचा नव्हे. घेणाऱ्याने जमीन ठेवायची आणि खुर्ची द्यायची नाही, हे कुठल्या हिशेबात बसतं? म्हणून ते खुर्ची मागतात यात रिजची शाबासकी नाही. अण्णा असते तर म्हणाले असते, फेरफार चुकीचा असला तरी त्याखाली घेतलेला सारा परत मागता येतो.

मनूचा वाद पुढच्या गुरुवारी आहे. तिला रिजची बाजू कुणीतरी मनापासून पटवून द्यायला हवी, आणि ते मी केलं तर लबाडी होईल. तू कर. मराठीत लिही, मी तिला समजावून सांगेन आणि एक शब्दही गाळणार नाही. सविस्तर लिही, समोसा हातात धरून बोलायचीस तसं.

मोतीबिंदूची तारीख मिळाली का? दुसऱ्या डोळ्याची घाई करू नकोस. सूनबाईंच्या बदलीचं काय झालं? नाना पुन्हा सायकल चालवतात हे ऐकून धडकी भरली, सांग त्यांना. पाटीलबाई भेटल्या तर माझा नमस्कार. तुझ्यासाठी त्या गुडघ्याच्या पट्ट्या घेतल्यात, या वेळी दोन्ही एकाच मापाच्या.

तुझी,
सुधा

ता. क. लिहिताना एक मुद्दा घशाखाली उतरवलाय, पण तो तुला सापडेलच, म्हणून मीच देते. १८३५ च्या सुरुवातीला रॉसनेच वॉशिंग्टनला सगळ्या भूमीचे २ कोटी डॉलर मागितले होते. म्हणजे विकायला तोही तयार होता, भाव पटला नाही एवढंच, असं तू म्हणशील. माझं उत्तर आहे की त्याच्याकडे राष्ट्राने दिलेला अधिकार होता. ते पुरेसं आहे का ते लिही.